लाल दिव्यात न दिसलेले आकडे

१० फेब्रुवारी १९८७, मंगळवार
आलापल्ली

मन्सूरभाई लाकडाचा ट्रक घेऊन एटापल्लीकडून आले आणि थेट माझ्या ‘मिलिंद फोटो स्टुडिओ’पुढे ब्रेक मारला. खाली न उतरताच ओरडले, "हरिदास, तोडेवाहीत आसमानातून पेटी पडली ना बे! वरतं नारंगी छत्री, खाली पेटी. गावानं काट्याचं कुंपण घातलं, कोणी हात लावून नाई राह्यला. पेटीवर लिहून आहे, पन वाचनारा कोणी नाई. तुले बोलावलं."

मलाच का, तर मागच्या वर्षी आश्रमशाळेच्या फॉर्मांसाठी त्या गावातल्या पोरांचे फोटो मी काढले होते. माणसाचं तोंड कागदावर उतरवणाऱ्याला कागदातलं सगळंच कळत असणार, असा त्यांचा हिशेब. बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला सोडून फोटोच्या धंद्यात पडलेल्या माणसाला एवढी अब्रूही पुष्कळ झाली.

उद्या मन्सूरभाईंच्याच ट्रकने निघतो. नीला म्हणते, "बॉम्ब असन तं?" मी म्हटलं, बॉम्बला कोणी एवढी मोठी छत्री लावून पाठवतं का? ती म्हणाली, "तुमाले सगळंच मालूम रायते." बायको अशी बोलली की समजायचं, डबा बांधून मिळणार.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

पेटी आणली! आता स्टुडिओत, मागच्या भिंतीला लागून आहे. गार जागा तीच.

ॲल्युमिनियमची आहे, दोन माणसांना उचलवेल एवढी. वर इंग्रजी, हिंदी, तेलुगू, मराठी अशा चार भाषांत लिहिलंय: वैज्ञानिक उपकरण, धोका नाही, उघडू नये, उन्हात ठेवू नये, खालच्या पत्त्यावर तार करावी. पत्ता हैदराबादचा. मोठमोठे फुगे सोडतात, ते विमानांच्याही वर जातात, आणि मग पेटी छत्रीने खाली येते. विज्ञानाच्या मासिकात वाचलं होतं. वाचलेली वस्तू अशी हाताला लागेल असं कधी वाटलं नव्हतं. लेबलावरून बोट फिरवताना, लिहायला लाज वाटते, पण डोळे भरून आले.

गावाची गंमत सांगायची राहिली. पोचू गायता म्हणजे गावाचा पुजारी आणि गावाचा शब्दही त्याचाच. त्याने भुईला हात लावून सांगितलं होतं की वरून पडलेली वस्तू गावाची नाही, तिचा मालक येईल, तोवर गाव राखणदार. मालकाचा हात पेटीवर पडेपर्यंत आत कोणाचा हात जाता कामा नये. पडताना ती आधी इसरू मट्टामीने पाहिली, म्हणून राखण इसरूची. हा इसरू तिशीचा, हडकुळा, बोलायला कंजूस. पेटीपासून हलत नव्हता. मी लेबलावरचं ‘उन्हात ठेवू नये’ समजावून सांगितलं तेव्हा कुठे गायत्याने पेटी माझ्याकडे न्यायला होकार दिला, तोही इसरू सोबत राहील या बोलीवर. अंधश्रद्धेचाही इतका कडक पहारा असतो हे पाहून हसू आलं.

नदी उतरताना बैलगाडीचं चाक खड्ड्यात गेलं आणि पेटीचा एक कोपरा पाण्यात बुडाला. कोपरा आधीच पडताना चेपलेला. इसरूने पाण्यात उडी घेऊन पेटी पाठीवर धरली. तसाच ओला आलापल्लीपर्यंत आला.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी तार केली.

दुपारी पाहतो तर चेपलेल्या कोपऱ्यातून फरशीवर पाणी ठिपकतंय. ज्याने जन्मात कधी ओल्या प्लेटा हाताळल्या असतील त्यालाच माझी धडकी कळेल. आत फोटोच्या प्लेटा आहेत हे लेबलावर स्पष्ट होतं. ओल्या प्लेटा एकमेकींना चिकटल्या की त्या देवालाही सुटायच्या नाहीत, आणि माझ्या घरी तर देवही नाही.

इसरू उंबऱ्यात बसलेला. त्याला म्हटलं, "जा, चौकात चहा घे, भजी खा. माझं नाव सांग."

"पेटी सोडून कसा जाऊ, मास्तर?" तो मला मास्तरच म्हणतो.

"पेटीला काय पाय फुटणारेत? मी आहे ना."

तो पेटीकडे पाहत राहिला, मग माझ्याकडे. मग गेला. मी दार लावून घेतलं, डार्करूमचा पडदा ओढला, लाल दिवा लावला आणि स्क्रू काढले.

आत काळी पिशवी, तीत काचेच्या पातळ प्लेटा. प्रत्येक दोन प्लेटांत पांढरा कागद, आणि मधूनमधून शिशाचे पत्रे. पाणी बाहेरच्या स्पंजातच मुरलेलं. प्लेटा कोरड्याच होत्या, कागद तेवढे जरा सर्द लागले. तिथेच झाकण लावायला हवं होतं का? पण सर्द कागद प्लेटेवर चढवलेल्या मसाल्याला लागून राहिला तर बुरशी धरतो. म्हणून वरून एकेक प्लेट काढत गेलो, कागद टाकले, कडा मऊ कापडाने पुसल्या, आणि माझ्या हाताला जे वळण आहे त्याप्रमाणे जोड्या लावून दोन गड्ड्या रचल्या: मसाल्याची बाजू मसाल्याकडे, काच बाहेर. चंद्रपूरला ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांनी पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. मसाला आत, काच बाहेर, म्हणजे ओरखडा येत नाही. शिशाचे पत्रे जड, ते सगळे तळाशी घातले. वरून माझा काळा कागद, मग झाकण, आणि झाकणाच्या फटीवर माझी चिकटपट्टी.

इसरू परतला तेव्हा मी पेटीवरची धूळ झटकत होतो. तो पेटीच्या भोवती एकदा फिरला आणि पुन्हा उंबऱ्यात बसला.

आज मला शांत झोप लागेल. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझा हात खऱ्या कामाला लागला.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

साहेब आले. डॉक्टर शफी. हैदराबादहून जीप घेऊन आले, पण माणूस निघाला चंद्रपूरच्या पठाणपुऱ्याचा! मराठी आपल्यासारखंच. पन्नाशीचे, चष्मा दोरीने गळ्यात.

त्यांनी पेटीवर हात ठेवायच्या आधी इसरू उठला. त्याने साहेबांचा हात स्वतःच्या हातात घेतला, पेटीवर नेऊन ठेवला, आणि मग दोन पावलं मागे सरला. राखण संपली. साहेब हसले नाहीत. म्हणाले, "शुक्रिया, भाऊ."

मग त्यांचं बोट चिकटपट्टीवर थांबलं. "हे पट्टी आमची नाई. पेटी कोनाजवळ होती?"

मी बोलणार होतो. शपथेवर लिहितो, तोंड उघडलं होतं. ओल आली होती, प्लेटा वाचवायला उघडली, एवढंच तर सांगायचं होतं. पण ‘उघडू नये’ हे चार भाषांत माझ्यासमोर होतं, आणि चारांतल्या तीन मला वाचता येतात.

"माह्याजवळ," इसरू म्हणाला.

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या डार्करूमच्या पडद्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाले. "होते असं. जंगलातल्या मानसाले काय मालूम." आवाजात राग नव्हता. इसरू मान खाली घालून गेला, जेवायलाही थांबला नाही.

रात्रीचं जेवण झाल्यावर साहेब अंगणात बाजेवर बसले आणि बोलत राहिले. मी तर कॉलेजातल्या पोरासारखा ऐकत होतो. विश्वकिरण म्हणजे खरे तर किरण नाहीत, कण आहेत. तारा फुटतो तेव्हा ते फेकले जातात आणि लाखो वर्षं हिंडत येतात. आपल्याही अंगातून आत्ता जातायत. मग त्यांनी ईशान्येला वर येणारे सप्तर्षी दाखवले. त्यांच्या अंगाला एक दीर्घिका आहे, साध्या डोळ्याला दिसत नाही. तिथे तारे भराभर जन्माला येतात.

"मोहाचा बहर पाह्यता ना तुमी? तसं. एकदम बहर, अन् मंग झड बी तेवढीच. मोठमोठे तारे, पटापट फुटून राह्यले. असल्या भट्टीतून काय काय निंघत असन, ते कोनालेच धड मालूम नाई."

मी विचारलं, तिथला कण या पेटीत सापडेल का?

"कणाचा पत्ता नाई लागत, हरिदासभाऊ. वाटेत चुंबकानं वळत वळत येते, कुठून निंघाला ते विसरून जाते. पन थोडे किरण सरळ येतात. ते प्लेटेत शिरले की दोन रेघा उमटतात. एका प्लेटेतली रेघ पुढच्या प्लेटेत, तिथून पुढच्या, अशी धरत गेलं की आकाशातली जागा सांगता येते. म्हनून प्लेटांचा क्रम म्हंजे आमचा जीव. क्रम गेला, त नुसते डाग."

अंधार होता म्हणून बरं, माझं तोंड दिसलं नसेल.

निघताना म्हणाले, "दर हिवाळ्यात फुगे सोडतो. इकडं पेटी पडली त आमचा मानूस म्हनून तुमी पाहान काय? नाव नोंदवून टाकतो." मी हो म्हणालो! त्या क्षणीसुद्धा हो म्हणालो.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

प्लेटांवर नाहीतर आणखी कुठेतरी आकडे असतीलच, अशी तीन दिवस मनाची समजूत घालत होतो. आज ती संपली.

डार्करूम झाडताना टेबलाखाली त्या पांढऱ्या कागदांतला एक सापडला. बाहेर उन्हात आणून पाहिला. कोपऱ्यात लाल पेन्सिलीने लिहिलंय, १४, आणि शेजारी वरची बाजू दाखवणारा बाण.

लाल दिव्यात लाल पेन्सिल दिसत नाही. हे मला, फोटोवाल्याला, कोणी शिकवायला हवं का? फोटोच्या मागे लाल पेन्सिलीने खूण करू नको, अंधारात सापडणार नाही, असं मीच गिऱ्हाइकांच्या पोरांना सांगत आलोय. प्रत्येक कागदावर आकडा होता आणि मी ते कोरे समजून टाकत गेलो.

बाकीचे कागद कुठे आहेत विचारलं. नीला म्हणाली, "चुलीत घातले. तुमीच त टोपलीत टाकले होते." मग माझ्याकडे बघून, "काऊन, कामाचे होते काय?"

नाही म्हटलं. आता खोटं बोलायला वेळ लागत नाही.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

रेडिओवर सांगितलं, दक्षिणेच्या आकाशात तारा फुटला. शेकडो वर्षांत असा इतका जवळ दिसला नव्हता. आपल्याकडून नीट दिसणार नाही. एरवी मी हे गावभर सांगत सुटलो असतो. आज खटका बंद केला. साहेब किती खूश असतील, असं मनात आलं आणि मग जेवण गेलं नाही.

९ मार्च, सोमवार

मन्सूरभाईंनी बातमी आणली. तोडेवाहीत इसरूला पंगतीबाहेर बसवलंय. लग्न असो, सण असो, गाव जेवतं तिथे त्याचं पान वेगळं, दहा हात लांब. बायकोपोरं पंगतीत, हा एकटा बाहेर. राखण मोडल्याचा दंड, गाव परत घेईपर्यंत.

"पन त्यांना सांगितलं कोणी?" मी विचारलं.

"त्यानंच. मालकाच्या हाती देली, पन मधी उघडली गेली, असं सोताच गायत्याले जाऊन सांगतलं म्हने. कोनं उघडली पुसलं त म्हने, राखन माही होती. येडा साला! गुपचूप राह्यला असता त कोनाले समजनार होतं?"

खरंच, कोणाला कळणार होतं? आणि त्याने माझं नाव का नाही घेतलं? बहुतेक त्याला माहीतच नाही. चहाला गेला होता ना. त्याला वाटत असेल, पडतानाच उघडली असेल. तसं असेल तर मग... पण तसं असतं तर त्याने दंड कशाला घेतला असता? काही कळत नाही.

मोहाची फुलं पडायला लागलीत. बाजारात वास दरवळतोय. मला साहेबांचं बोलणं आठवतं आणि वास नकोसा होतो.

२५ मार्च, बुधवार

साहेबांचं पत्र. नीलाला दाखवलं नाही. थोडं उतरवून ठेवतो:

‘प्लेटा धुऊन झाल्या. एकीवरही ओरखडा नाही. ज्याने रचल्या त्याने फार जपून रचल्या, मसाल्याची बाजू सगळीकडे आत. मात्र क्रम लागत नाही आणि शिसे एकीकडे गेले आहे. दोन रेघांचे एक सुंदर चिन्ह एका प्लेटेत सापडले आहे, पण पुढची प्लेट कोणती ते कळेना. ज्याने उघडली त्याची गाठ पडली तर एवढेच विचारा, वरून काढत गेला की खालून, आणि पत्रे कोणत्या प्लेटांपाशी होते. कोणी रागावणार नाही म्हणावे. त्याला आठवत असेल तर अजून जमेल. पावसाळ्यापर्यंत वाट पाहतो. यंदाच्या मोसमासाठी तुमचे नाव नोंदवले आहे.’

म्हणजे साहेबांचा संशय अजून इसरूवरच आहे. पण काय माणूस! कोणी रागावणार नाही म्हणे.

मला सगळं आठवतं. डोळे मिटले तरी हातांना आठवतं. पहिला पत्रा सहाव्या प्लेटेखाली होता.

३ एप्रिल, शुक्रवार

तोडेवाहीला जायला निघालो होतो. एटापल्लीपर्यंत गेलो. तिथे एकाने हाक मारून मुलीचे फोटो काढायला नेलं. काढले, चहा प्यालो, आणि परतीच्या बसमध्ये बसलो. त्या माणसाचे मी किती आभार मानले मनातल्या मनात!

१४ एप्रिल, मंगळवार

जयंती. सकाळपासून निळे झेंडे, लेझीम, रोलवर रोल संपले. संध्याकाळी विहारात मला बोलायला उभं केलं. विषय काय, तर ‘आपण आणि विज्ञान’. शंकरपटावर, बैलांच्या शर्यतीवर बोलायला सांगितलं असतं तर परवडलं असतं.

आकाशातल्या पेटीबद्दल बोललो. हैदराबादचे शास्त्रज्ञ आपल्या गावात आले, आता आपल्या समाजाचा माणूस त्यांचं काम पाहणार वगैरे. टाळ्या पडल्या. म्हातारे कौतिकराव उठून माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बापूरावचा पोरगा! लहानूचा नातू!"

आज्याचं नाव घेतलं नसतं तर बरं झालं असतं. लहानू म्हणजे माझा आजा. मालगुजाराच्या पोराच्या लग्नात त्याने आठ दिवस लाकडं फोडली आणि पंगतीच्या दिवशी त्याला गोठ्यामागे बसवलं. वरून पानात टाकायचे, हात लागू नये म्हणून. माझा बाप तेव्हा सहा-सात वर्षांचा, त्याच्या शेजारी बसलेला. बाप हे सांगायचा तेव्हा कधी रडला नाही. एवढंच म्हणायचा, "भात चांगला होता, पन मले गिळताच नाई आला." छप्पन साली दीक्षेला नागपूरला पायी गेला तो त्या भातामुळे, असं तो म्हणायचा.

आणि मी काय केलं? माझ्या एका गप्प बसण्याने एका माणसाचं पान पंगतीतून उचलून दहा हात लांब ठेवलं. त्याचा दंड आणि आज्याची ती जागा एक नाही, हे मला कळतं. त्याला गाव परत घेणार आहे. पण त्याला तिथे बसवलं मी. टाळ्या वाजत होत्या आणि मी नमस्कार करत उभा होतो. थू माझ्यावर.

१५ एप्रिल, बुधवार

पत्र नीलाला दाखवलं. सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती, थांबली नाही. पीठ झटकून पत्र वाचलं, दोनदा वाचलं.

"मसाल्याची बाजू आतमधी," ती म्हणाली. "हे इसरूले कोनं शिकवलं?"

मी पत्र तिच्या हातून घेऊन ती ओळ पुन्हा वाचली.

"अवो, त्या साहेबाले पह्यल्या दिसापासून मालूम आहे. तुमचं नाव त्यानं लिवलं नाई, कारन ते तुमी लिवावं म्हनून थांबला. माह्याशी त तुमी दोन मयने बोलून नाई राह्यले धड. मले वाटलं, कोनती बाई आहे का काय."

हसावं की रडावं कळेना. तीन आठवडे ते पत्र उशीखाली घेऊन झोपलो आणि एवढं साधं मला दिसलं नाही.

सगळं लिहून काढलं. वरून काढत गेलो, दर दुसरी प्लेट उलटी केली, पत्रे कुठे कुठे होते, दोन गड्ड्यांपैकी कोणती वर ठेवली. सोबत तो १४ आकड्याचा कागद ठेवला. शेवटी लिहिलं, ‘उघडणारा मी. इसरूने आत हातही घातला नाही. तो विचारलं तेव्हा खरं बोलला, मी तिथेच उभा होतो. माझं नाव खोडून टाकलं तरी मला बोलायला तोंड नाही.’ लगेच पोस्टात टाकून आलो, नाहीतर उद्या आणखी एखादी एटापल्ली मध्ये आली असती.

नीला म्हणाली, "हैदराबाद झालं. आता तोडेवाही."

२० एप्रिल, सोमवार

काल गेलो होतो. आज लिहितोय, काल हात चालला नसता.

गावात नव्या आंब्यांचा सण होता. तो झाल्याशिवाय कोणी आंबा खात नाही. मोठ्या झाडाखालच्या मांडवात पंगत बसायच्या बेतात होती. आणि तिकडे, मांडवाच्या टोकापासून लांब, एका पळसापाशी इसरू पानाचा द्रोण समोर घेऊन बसलेला. मला पाहून त्याने हात हलवला. रागावलेला माणूस हात हलवत नाही, म्हणून मला आणखीच मेल्यासारखं झालं.

पोचू गायत्यापाशी गेलो. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, पेटी इसरूने उघडली नाही, मी उघडली. त्याला चहाला पाठवलं आणि दार लावून उघडली. साहेबांनी विचारलं तेव्हा मी गप्प बसलो. त्याचा दंड माझा आहे. इसरूला पंगतीत घ्या.

एक पोरगा माझं बोलणं त्यांच्या माडिया बोलीत सांगत होता. कुजबुज झाली. गायत्याने इसरूला हाक मारली. तो आला, पण मांडवाच्या कडेलाच थांबला, आत पाय टाकला नाही.

"तुले मालूम होतं?" गायत्याने त्याला विचारलं, मला कळावं म्हणून मराठीतच.

"होतं ना. चहा प्याला नाई मी. कोपऱ्यावरून वापस आलो. दार बंद होतं, फटीतून लाल उजेड येत होता. मंग बसलो भाईर."

"मग तू सांगितलं का नाहीस?" मीच ओरडलो. "माझं नाव का नाही घेतलं?"

त्याला माझा प्रश्न समजलाच नाही असं वाटलं. जरा विचार करून म्हणाला, "पेटी सोडून गेला कोन, मास्तर? मीच ना. तुमी म्हनलं जा, अन् मी गेलो. पाय माहे होते. राखन मोडली ती माही. तुमचं काय मोडलं, ते तुमचं तुमी पाहा."

एवढं सरळ मला आजवर कोणी काही सांगितलं नव्हतं. माझं काय मोडलं ते पाहायला मला दोन महिने लागले होते.

म्हाताऱ्या गायत्याने भुईला हात लावला. मग बोलला आणि पोराने सांगितलं ते असं: इसरूचा दंड इसरूचा, तो दुसऱ्याला देता येत नाही. पण आता राखण मोडणारे दोन आहेत. तेंदूपत्त्याची तोडणी झाली की दोघांनी मिळून गावाला जेवण द्यायचं, मग दोघंही आत. तोवर मास्तर या गावात आला तर त्याचंही पान वेगळं.

गायता हे काही रागाने बोलला नाही. मला गावाच्या नियमात धरलं, असंच मला वाटलं.

पंगत बसली. मला कोणी बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मी चालत त्या पळसापाशी गेलो. आज्याची आठवण आली. तो आठ दिवस लाकडं फोडूनही तिथे बसला, त्याने काय मोडलं होतं? काहीच नाही. मी मात्र मोडलं होतं, आणि तरी माझ्या पायांना ते दहा हात जड झाले. भिऊन इसरूपासून थोडं अंतर ठेवूनच खाली बसलो.

एका बाईने दोन द्रोण आणले, भात आणि कैरीचं आंबट वरण. हातात दिले, वरून टाकले नाहीत. तिची बोटं माझ्या बोटांना लागली.

इसरूने माझ्याकडे पाहिलं, मधल्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"इकडं सरका, मास्तर," तो म्हणाला. "तिकडं ऊन येते."

मी सरकलो. भात चांगला होता. पहिला घास गिळायला फार वेळ लागला, पण गिळला.